मिनेसोटात घराला डेक: परमिटची खरी परीक्षा जमिनीखाली

मिनेसोटातल्या नव्या वसाहतींत फिरलात तर एक गंमत हमखास दिसते. घराच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर छान काचेचा सरकता दरवाजा असतो आणि दाराबाहेर काहीच नसतं. वॉकआउट बेसमेंटचं, म्हणजे तळघरातून थेट अंगणात निघता येणारं, घर विकताना बिल्डरने डेक, म्हणजे दाराबाहेरचा खांबांवरचा लाकडी मंच, किमतीत धरलेला नसतो. तो दारावर आडवं रेलिंग ठोकून देतो आणि पुढचं तुमच्यावर सोडतो. मग पहिल्याच मे महिन्यात प्रश्न सुरू होतात. परमिट लागतं का? कोण देतं? स्वतः काढावं की काँट्रॅक्टरवर सोडावं? आणि सिटीवाले, म्हणजे नगरपालिकेचे लोक, एवढं काय बघतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कळला की बाकीचं सोपं होतं. आपण महिनाभर डेकिंगचा रंग आणि रेलिंगची नक्षी निवडत बसतो. सिटीचा प्लॅन रिव्ह्यूअर त्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात: खांबांखालचा पाया किती खोल आणि किती रुंद, आणि डेक घराला नेमका कशाने धरलाय. या दोन गोष्टी कागदावर नीट दाखवल्या की अर्ज सहसा अडत नाही. परत आलेल्या अर्जांत बहुतेक वेळा यातलंच काहीतरी राहिलेलं असतं.

इथले आकडे मिनेसोटाचे आहेत, विशेषतः मिनिअ‍ॅपोलिस-सेंट पॉल आणि भोवतालच्या उपनगरांचे. राज्याचा निवासी बांधकाम कोड ३१ मार्च २०२० पासून लागू झाला आणि तो आंतरराष्ट्रीय निवासी कोडच्या २०१८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. कोडच्या आवृत्त्या बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी तुमच्या सिटीच्या वेबसाइटवरची डेकची हँडआउट उतरवून घ्या. चार-सहा पानांची ती पुस्तिका फुकट असते आणि रिव्ह्यूअर तीच समोर ठेवून तुमचे नकाशे तपासतो. टोरांटो, बफेलो किंवा डेट्रॉइटकडच्या वाचकांना यातला विचार जसाच्या तसा चालेल, आकडे मात्र आपापल्या गावचे घ्यावे लागतील.

परमिट लागतं का?

"तीस इंचांच्या आत असेल तर परमिट लागत नाही," हे वाक्य प्रत्येक पॉटलकमध्ये कोणीतरी ठामपणे सांगतोच. ते अर्धंच खरं आहे. राज्याच्या नियमात सूट आहे ती अशा डेकला, जो लगतच्या जमिनीपासून ३० इंचांहून उंच नाही आणि शिवाय फ्रॉस्ट फूटिंगवर (गोठणाऱ्या थराच्या खाली नेलेल्या पायावर) उभ्या असलेल्या कुठल्याही बांधकामाला जोडलेला नाही. तुमचं घर फ्रॉस्ट फूटिंगवरच उभं आहे. म्हणजे डेक घराला जोडला की तो दहा इंच उंच असला तरी परमिट लागतं. आणि परमिट लागत नाही याचा अर्थ नियम लागत नाहीत असा नाही. हद्दीपासूनचं अंतर, ईझमेंट (पाण्याचा निचरा, वीज-गॅसच्या लाइनी यांसाठी तुमच्याच प्लॉटवर राखलेला पट्टा), तळ्याकाठचे निर्बंध सुट्या डेकलाही लागू होतात.

परमिटशिवाय काम सुरू केलं आणि ते सापडलं तर सिटी मूळ फीच्या वर तपासणी फी लावू शकते. ही फी परमिटच्या फीइतकी असू शकते, म्हणजे दुप्पट झाली. पण पैशांपेक्षा मोठा त्रास वेगळाच आहे. पाया किती खोल गेलाय हे काँक्रीट ओतल्यावर दिसत नाही, मग इन्स्पेक्टर खांबाशेजारी खणून दाखवायला सांगतो. मिनिअ‍ॅपोलिस, सेंट पॉल आणि काही उपनगरांत घर विकायच्या आधी सिटीने नेमून दिलेल्या पद्धतीने घराची तपासणी करून घ्यावी लागते. बिनपरमिटचा डेक तिथे वर येऊ शकतो, तेही विक्रीची घाई असताना.

आधी कागद बघा, मग लाकूड

घर घेताना मिळालेल्या फाइलमध्ये प्लॉटचा सर्व्हे शोधा. नसेल तर सिटीच्या बांधकाम विभागाकडे विचारा, नव्या घरांचे सर्व्हे त्यांच्याकडे बहुधा असतात. त्यावर घराचा ठसा, हद्दीच्या रेषा आणि तुटक रेषांनी दाखवलेली ईझमेंट असतात. ड्रेनेज आणि युटिलिटी ईझमेंटमध्ये खांब रोवता येत नाही. मागच्या अंगणातून पावसाचं पाणी वाहून नेणारी उथळ चर असते ना, ती बहुतेक वेळा याच पट्ट्यात येते.

मागच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे प्रत्येक सिटीचं वेगळं असतं आणि एकाच सिटीत झोनप्रमाणेही बदलतं. घर तळ्यापासून १,००० फुटांच्या किंवा नदीपासून ३०० फुटांच्या आत असेल तर शोअरलँडचे नियम लागतात. तिथे पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाची मर्यादा साधारणपणे प्लॉटच्या २५ टक्के असते. ड्राइव्हवे, छप्पर आणि पॅटिओ मिळून ती आधीच भरत आलेली असू शकते. फटी ठेवलेला डेक त्यात धरायचा की नाही, हे झोनिंगवाल्यांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना, असेल तर तिची मंजुरी वेगळी. सिटीला एचओएशी देणंघेणं नसतं आणि एचओएला कोडशी. दोन्ही अर्ज एकाच वेळी पाठवले तरी चालतं, पण एचओएचं उत्तर येईपर्यंत लाकडाची ऑर्डर देऊ नका. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा होते आणि रेलिंग काळं हवं की पांढरं यावर अख्खी बैठक जाऊ शकते.

याच टप्प्यावर घराच्या मागच्या भिंतीसमोर उभं राहून सगळं टिपून घ्या. गॅस मीटर कुठे आहे? एसीचं युनिट? फर्नेसचे पांढरे पाइप भिंतीतून बाहेर आलेत का? ते डेकखाली गेले तर वाऱ्याने साचलेल्या बर्फात त्यांचं तोंड बुजू शकतं आणि ऐन जानेवारीत फर्नेस बंद पडतो. बेसमेंटच्या बेडरूमची इमर्जन्सी खिडकी डेकखाली येत असेल तर त्या खिडकीपासून अंगणात निघायला किमान ३६ इंच उंचीची मोकळी वाट सोडावी लागते. हे नकाशात दाखवलंत तर रिव्ह्यूअरचा एक प्रश्न आधीच मिटतो.

बर्फाचं वजन

ट्विन सिटीजमध्ये वर्षाला सरासरी ५१ इंच बर्फ पडतो. १९९१ च्या हॅलोविनच्या वादळात एका दमात २८.४ इंच पडला होता. डिसेंबर २०१० मध्ये १७ इंच बर्फानंतर मिनिअ‍ॅपोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं हवेवर तोललेलं छप्पर फाटून खाली आलं, ते दृश्य अजून अनेकांच्या लक्षात असेल.

इंचांवरून मात्र वजन कळत नाही. ताजा भुरभुरीत बर्फ हलका असतो. पडून, दबून, थोडा वितळून पुन्हा गोठला की एका घनफुटाचं वजन साधारण १५ ते २० पौंडांवर जातं. मार्चमधल्या ओल्या बर्फाला तर फावडं लावून बघा. राज्याने जमिनीवरच्या बर्फाचा भार ठरवून दिलाय: दक्षिणेकडच्या काउंटींत, म्हणजे ट्विन सिटीज धरून, चौरस फुटाला ५० पौंड, उत्तरेकडे ६०. दुसरीकडे कोडमध्ये डेकसाठी माणसं आणि सामान मिळून किमान ४० पौंड धरलेत. २०१८ च्या आवृत्तीतले डेकचे तक्ते याच ४० वर आहेत. २०२१ च्या आवृत्तीत ५०, ६० आणि ७० पौंड बर्फासाठी वेगळे तक्ते आले.

तुमची सिटी कोणता भार धरते ते हँडआउटच्या पहिल्याच पानावर सापडेल. माझं मत विचाराल तर सिटी ४० वर समाधानी असली तरी हिशेब ५० ने करा. भिंतीलगत वाऱ्याने बर्फ रचला जातो आणि वरच्या छपरावरून घसरलेला ढीगही नेमका डेकवरच येतो. भिंतीशी तीन फूट दबलेला बर्फ साचला की त्या पट्ट्यात चौरस फुटाला ६० पौंड सहज होतात. फरक पडतो तो फूटिंगच्या दोन इंचांचा आणि जॉइस्टच्या, म्हणजे डेकिंगखालच्या आडव्या वाशांच्या, एका मापाचा. एकूण खर्चात तो कुठे दिसतही नाही.

डेकवर पुढेमागे छप्पर घालून थ्री-सीझन पोर्च करायचा विचार असेल तर तो आताच अर्जात लिहा. हॉट टबचंही तसंच. तीन फूट खोल पाण्याचंच वजन चौरस फुटाला १८७ पौंड होतं. साधा डेक त्याखाली टिकणार नाही, त्या भागासाठी इंजिनिअरकडून आराखडा करून घ्या.

पाया: बेचाळीस इंच का

जमिनीतलं पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलोय. पण खांब उचलला जातो तो एवढ्यानेच नाही. गोठलेल्या थराच्या खालच्या कडेला बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि त्या खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर खेचत राहतात, समईतली वात तेल ओढते तशा. चकत्या जाड होत जातात आणि वरची जमीन उचलली जाते. गाळाच्या बारीक मातीत हे सर्वात जास्त होतं, वाळूत कमी. घर उचललं जात नाही, कारण त्याचा पाया खोल असतो. डेकचा उथळ खांब मात्र वर येतो. एक टोक घराला घट्ट, दुसरं वर सरकतंय, अशी ओढाताण लेजरवर, म्हणजे घराला घट्ट बसवलेल्या फळीवर, येते. कुठे बोल्ट ढिले होतात, कुठे पॅटिओ डोअर अडकायला लागतं.

म्हणून फूटिंगचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. राज्याने दोन पट्टे केलेत: ट्विन सिटीज आणि दक्षिणेकडे ४२ इंच, उत्तरेकडच्या काउंटींत ६० इंच. डुलुथ साठमध्ये येतं. हे माप पूर्ण झालेल्या जमिनीपासून फूटिंगच्या तळापर्यंतचं. वॉकआउटच्या उतारावर खांबाची जी बाजू खालच्या अंगाला आहे तिथून मोजा, वरच्या अंगाने नाही. शिवाय फूटिंग न हललेल्या मातीवर बसलं पाहिजे. बेसमेंटच्या भिंतीलगतची माती बांधकामावेळी उकरून परत भरलेली असते. तिथे ४२ इंचांवरही भरावच लागतो. घराजवळ खांब घ्यायचा झाला तर कधीकधी बेसमेंटच्या पायाइतकं खोल जावं लागतं ते यामुळेच.

आता रुंदी. एक उदाहरण घेऊ. डेक १६ फूट लांब, घरापासून १२ फूट बाहेर. एका बाजूला भिंतीवर लेजर. बाहेरच्या टोकाला बीम, म्हणजे खांबांवरची जाड तुळई. लेजरपासून बीमपर्यंत दर १६ इंचांवर जॉइस्ट. बीमखाली तीन खांब, ८-८ फुटांवर.

जॉइस्टचा अर्धा भार लेजरवर जातो, अर्धा बीमवर. म्हणजे बीमच्या वाट्याला ६ फुटांचा पट्टा. मधला खांब त्यातले ८ फूट उचलतो: ६ गुणिले ८, म्हणजे ४८ चौरस फूट. बर्फाचे ५० आणि लाकडाचं स्वतःचं १० धरलं तर चौरस फुटाला ६० पौंड, एकूण २,८८० पौंड. चिकणमाती किंवा गाळाच्या मातीची ताकद मातीची चाचणी न करता चौरस फुटाला १,५०० पौंड धरतात. २,८८० भागिले १,५०० म्हणजे १.९२ चौरस फूट. गोल फूटिंगचा व्यास साधारण १९ इंच येतो. २० घ्या. बीम तिन्ही खांबांवरून सलग जात असेल तर मधल्या खांबावर याहून थोडा जास्तच भार येतो, तेव्हा २२ इंच लिहिलेत तर कोणी नावं ठेवणार नाही. कोपऱ्यातल्या खांबांवर याच्या निम्मा भार, तिथे १४ इंच पुरतात.

याच डेकवर छप्पर आलं तर मधल्या फूटिंगला २४ ते २६ इंच लागतात. आधी भरलेलं काँक्रीट नंतर रुंद करता येत नाही. पोर्चचा विचार आताच सांगा म्हणतो तो यासाठी.

आकारही महत्त्वाचा. गोठलेली माती काँक्रीटच्या खडबडीत बाजूंना चिकटते आणि तिथूनही वर खेचते. म्हणून वरच्या भागात पुठ्ठ्याची गुळगुळीत नळी घालतात आणि तळाशी खड्डा घंटेसारखा रुंद करतात. सर्वात वाईट म्हणजे वर रुंद, खाली निमुळता खड्डा. हाताने खणलेला खड्डा आपोआप तसाच होतो, आणि माती त्याच्या रुंद कडेखाली हात घालून त्याला उचलते. काँक्रीटऐवजी स्क्रूसारखे जमिनीत पिळून बसवायचे लोखंडी हेलिकल पाइल आता बरेच जण घेतात. ते एका दिवसात बसतात, माती उपसावी लागत नाही. फक्त परमिटला त्यांचे कोडमान्यतेचे कागद जोडावे लागतात आणि बसवणाऱ्याने किती पिळाला किती भार याची नोंद द्यावी लागते.

लेजर: घराशी जोड

डेक कोसळल्याच्या बातम्या येतात त्यात खांब मोडल्याच्या कमी, लेजर भिंतीतून सुटल्याच्या जास्त असतात. कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक: नुसते खिळे, किंवा मागे पाणी शिरून कुजलेलं लाकूड.

खिळ्यांवर टांगलेला लेजर कोणतीही सिटी मान्य करत नाही. अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू (पान्याने पिळायचे जाड स्क्रू) किंवा बोल्ट लागतात, एक वर एक खाली असे दोन ओळींत. वरच्या उदाहरणातल्या १२ फुटी जॉइस्टसाठी अर्ध्या इंचाचे लॅग दर १५ इंचांवर, असं २०१८ चा तक्ता सांगतो. जॉइस्ट १० फुटांपर्यंत असेल तर १८ इंचांवर चालतात. नकाशावर "लेजर बोल्टने बसवणार" एवढंच लिहून भागत नाही. माप, अंतर आणि ओळी, तिन्ही लिहा. शिवाय डेक घरापासून बाहेर ओढला जाऊ नये म्हणून आडव्या ओढीचे पत्र्याचे टाय लागतात: १,५०० पौंड क्षमतेचे दोन किंवा ७५० पौंडांचे चार.

साइडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, काढल्याशिवाय लेजर बसवायचा नाही. साइडिंग काढा, मागचा बँड जॉइस्ट (घराच्या मजल्याच्या कडेची फळी) शाबूत आहे ना ते पाहा, मग लेजर, आणि वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी. फ्लॅशिंगची वरची कड भिंतीच्या वॉटरप्रूफ कागदाच्या मागे गेली पाहिजे. पुढून सिलिकोन फासणं म्हणजे फ्लॅशिंग नव्हे. बर्फ महिनोन्‌महिने भिंतीला टेकून असतो, दिवसा वितळतो, रात्री गोठतो, आणि पाणी प्रत्येक फट शोधून काढतं. भिंत विटांची किंवा दगडी व्हिनियरची असेल तर लेजर त्या व्हिनियरवर टेकवता येत नाही. घराचा जो भाग पायाच्या बाहेर तरंगत आलाय, डायनिंगचा किंवा फायरप्लेसचा बंपआउट, त्यालाही नाही. अशा ठिकाणी सरळ घराशेजारी दुसरी खांबांची रांग घेऊन डेक स्वतंत्र उभा करा. जास्त खोल खड्डे खणावे लागतील, पण नकाशे सोपे होतात.

सरकत्या दारापाशी एक छोटी गोष्ट करा: डेकची पातळी उंबरठ्याच्या बरोबरीने न ठेवता काही इंच खाली घ्या. सरकत्या दारासाठी कोड पावणेआठ इंचांपर्यंतची पायरी चालू देतो. बरोबरीने ठेवलेल्या डेकवरचा बर्फ वितळला की पाणी थेट दाराच्या खाचेत येतं.

जॉइस्टबद्दल थोडक्यात. सदर्न पाइनचा २×८ दर १६ इंचांवर ११ फूट १० इंचांपर्यंतच चालतो. १२ फुटांसाठी २×१० घ्या आणि विषय संपवा. बीम खांबाच्या कडेला नुसत्या बोल्टने लटकवू नका, ६×६ च्या खांबात खाच पाडून तिच्यावर बसवा. जॉइस्ट हँगरच्या (जॉइस्टचं टोक धरणाऱ्या पत्र्याच्या कंसाच्या) प्रत्येक भोकात हँगरच्या कंपनीने सांगितलेलाच खिळा हवा, डेक स्क्रू नाही. आणि प्रक्रिया केलेल्या लाकडातलं तांबं साधं लोखंड खातं, म्हणून सगळे खिळे-स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या.

रेलिंग आणि जिना

डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तिथे रेलिंग, किमान ३६ इंच उंच, आणि ४ इंचांचा चेंडू जाणार नाही इतक्याच फटी. पायऱ्यांची उंची पावणेआठ इंचांहून जास्त नको, पाऊल ठेवायची जागा १० इंचांहून कमी नको, आणि एकाच जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचाहून, म्हणजे जेमतेम एका सेंटिमीटरहून, जास्त फरक नको. चार किंवा अधिक चढ असतील तर हातात मावेल असा हँडरेल, ३४ ते ३८ इंचांवर. उभ्या २×६ फळीची कड हँडरेल म्हणून चालत नाही, हातात धरता येत नाही. जिन्याच्या वर दिवा लागतो, आणि डेकवर विजेचं आउटलेटही. विजेचं परमिट वेगळं निघतं.

नकाशे आणि अर्ज

आर्किटेक्ट लागत नाही. आलेखाच्या कागदावर पट्टीने काढलेले नकाशे सिट्या घेतात, प्रमाण दिलेलं असलं आणि आकडे वाचता आले म्हणजे झालं. तीन कागद करा. पहिला सर्व्हेच्या प्रतीवर डेक आणि हद्दीपर्यंतची अंतरं. दुसरा वरून दिसणारा सांगाडा: खांब, बीम, जॉइस्टची मापं आणि अंतरं, लाकडाची जात. तिसरा कापून दाखवलेली बाजू, आणि यात सर्वाधिक वेळ घाला: फूटिंगची खोली आणि व्यास, खांब काँक्रीटला कोणत्या ब्रॅकेटने धरलाय, बीमचा जोड, लेजरचे लॅग, फ्लॅशिंग, रेलिंग. कोपऱ्यात भाराचा हिशेब चार ओळींत लिहून टाका. हाताने केलेला हिशेब दिसला की रिव्ह्यूअरचं काम हलकं होतं आणि तुमचंही.

अर्ज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरता येतो. फी कामाच्या अंदाजे किमतीवर सिटीच्या तक्त्यानुसार ठरते, त्यात प्लॅन रिव्ह्यूची फी आणि राज्याचा अधिभार येतो. हा अधिभार किमतीच्या ०.०५ टक्के, म्हणजे २०,००० डॉलरच्या डेकला १० डॉलर. किमतीत तुमची स्वतःची मेहनतही बाजारभावाने धरायची असते.

अर्ज कधी करायचा? फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये जमीन मोकळी होते आणि अख्खं उपनगर एकदम सिटीच्या दारात उभं राहतं. परमिट मिळाल्यापासून १८० दिवसांत काम सुरू करावं लागतं, तेवढी मुदत पुरेशी आहे. कडाक्याच्या थंडीत खणायची घाई मात्र करू नका. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतायचं नाही हा नियमच आहे. ती माती वसंतात मऊ पडली की फूटिंग खचतं.

परमिट कोणाच्या नावावर

स्वतःच्या राहत्या घराचं परमिट तुम्ही स्वतः काढू शकता आणि कामही स्वतः करू शकता. काँट्रॅक्टर नेमलात तर परमिट त्यानेच काढायला हवं. "तुम्ही तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल," असं कोणी म्हणालं तर त्याचं लायसन्स आहे का ते राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्री विभागाच्या वेबसाइटवर लगेच तपासा. घरकामाच्या काँट्रॅक्टरचा क्रमांक बीसी ने सुरू होतो, रिमॉडेलरचा सीआर ने. लायसन्सधारकाने फसवलं तर राज्याच्या रिकव्हरी फंडाकडे दाद मागता येते. बिनलायसन्सवाल्याच्या बाबतीत ती वाट बंद असते, आणि परमिटवर तुमचं नाव असल्याने कोडच्या चुकांची जबाबदारीही तुमच्याच गळ्यात. शेवटचा हप्ता देताना लीन वेव्हरवर (घरावर हक्क सांगणार नाही असं लिहून देणाऱ्या कागदावर) सही घ्यायला विसरू नका. काँट्रॅक्टरने लाकूडवाल्याचे पैसे थकवले तर तो तुमच्या घरावर हक्क नोंदवू शकतो.

खणण्याआधी फोन, ओतण्याआधी इन्स्पेक्टर

खणायच्या तीन-चार कामाचे दिवस आधी ८११ वर फोन करा किंवा गोफर स्टेट वन कॉलच्या साइटवर नोंद करा. फुकट आहे आणि कायद्याने बंधनकारकही. कंपन्यांची माणसं येऊन झेंड्या लावतात: लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-केबल, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. तुमच्या खासगी लाइनी ते दाखवत नाहीत. स्प्रिंकलरचे पाइप, ग्रिलला नेलेली गॅसची नळी, शेडची वायर तुमची तुम्हीच शोधा.

मग तपासण्या. पहिली फूटिंगची: खड्डे तयार, तळाशी सुटी माती किंवा पाणी नाही, काँक्रीट ओतलेलं नाही. इन्स्पेक्टर टेप टाकून खोली मोजतो, तळाची रुंदी बघतो, कधी पायाने दाबून माती घट्ट आहे का पाहतो. काँक्रीटचा ट्रक त्याच सकाळी बोलावू नका. खड्डा दोन इंच कमी निघाला तर ट्रक दारात तासाच्या भाड्यावर उभा राहतो. पाऊस आला तर खड्डे प्लायवूडने झाका, माणसांसाठीही आणि मातीसाठीही.

दुसरी सांगाड्याची. उंच डेकला खालून सगळं दिसतं म्हणून काही सिट्या ती शेवटच्या तपासणीतच उरकतात. जमिनीलगतच्या डेकला मात्र डेकिंग ठोकण्याआधी बोलवावंच लागतं. फ्लॅशिंग झाकलं जाण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. "दिसत नाही, उघडा," हे वाक्य फोनमधल्या एका फोटोने टळू शकतं.

शेवटची फायनल. परमिटचं कार्ड आणि सिटीने शिक्का मारलेले नकाशे साइटवर हवेत. इन्स्पेक्टरने काही दुरुस्ती सांगितली तर वाद न घालता ती कोणत्या कलमाखाली आहे ते नम्रपणे विचारून लिहून घ्या. बहुतेक इन्स्पेक्टर तिथल्या तिथे समजावून सांगतात आणि दुरुस्ती अर्ध्या दिवसाची असते. सही झाली की आठवड्याने सिटीच्या पोर्टलवर तुमचं परमिट बंद झाल्याची नोंद दिसते का ते बघा. दिसत नसेल तर फोन करा. नुसतं उघडं राहिलेलं परमिट, काम चोख असलं तरी, पाच वर्षांनी घर विकताना खरेदीदाराचा एजंट नेमकं शोधून काढतो.